अण्णाचा घडीचा चाकू

नेमगोंडा अण्णा सकाळी दुकानात शिरला की टोपी खुंटीला अडकवायचा आणि शर्टाच्या डाव्या खिशावर बाहेरूनच दोन बोटं टेकवून बघायचा. चाकू जागेवर आहे याची खात्री झाली की मग भिंतीवरच्या तसबिरीला नमस्कार. मी त्याला एकदा छेडलं, की चाकू पहिल्या नंबरावर आणि देव दुसऱ्या, हे काही बरं दिसत नाही. तो शांतपणे म्हणाला, "देव कुटं पळून जातोय? चाकू पडतोय."

आमचं गुळाचं अडत दुकान कोल्हापूरच्या शाहूपुरीत होतं. शेतकऱ्यांनी गुऱ्हाळावरून आणलेले रवे, म्हणजे बादलीच्या आकाराच्या गुळाच्या मोठ्या ढेपा, ओळीनं मांडायच्या, व्यापाऱ्यांना बोलवायचं आणि सौदा करून द्यायचा. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं तेव्हा मी तिथं पत्रव्यवहार बघायला लागलो. अण्णा माल बघायला होता. वयानं माझ्याएवढाच, पण त्याला सगळे अण्णाच म्हणत, मालकसुद्धा. व्यापारी रव्यापुढे उभा राहिला की अण्णा खिशातून चाकू काढायचा, अंगठ्यानं पातं उघडायचा आणि रव्याचा एक कोपरा असा उडवायचा की आतला रंग आणि कणी दिसावी पण रवा विद्रूप होऊ नये. त्याच हालचालीत पातं धोतराच्या सोग्याला पुसून मिटलेलंही असायचं.

चाकू म्हणजे सिनेमातला गुंड उघडतो तसला नव्हे. मिटला की चार बोटं लांब आणि आगपेटीच्या निम्म्या जाडीचा. मुठीला पितळेच्या दोन साध्या पट्ट्या. पातं कुठल्याशा कारखान्यातल्या तुटलेल्या करवतीचं होतं आणि ते आमच्या दुकानातले तोलाईदार दस्तगीरभाई यांच्या थोरल्या भावानं घासून घडवलं होतं. दस्तगीरभाई रवे काट्यावर चढवून वजन पुकारत, त्यांचा भाऊ उद्यमनगरात लोखंडाची बारीकसारीक कामं करी. अण्णानं त्या माणसाकडून पातं तीनदा परत करून घेतलं होतं. एकदा जाड झालं म्हणून, एकदा लवतंय म्हणून आणि एकदा मिटताना आवाज खोटा येतोय म्हणून. आवाज खोटा म्हणजे काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण नंतर जो आवाज यायचा तो मला आजही ओळखता येईल.

चाकू या विषयावर बोलताना अण्णाला ऐकणारा लागत नसे. चहा आला की सुरू. जाड चाकू माणूस घरी विसरतो आणि पातळ चाकू खिशात विसरतो, तेव्हा विसरायचाच तर खिशात विसरावा, हे त्याचं आवडतं वाक्य. चाकू पातळ पाहिजे पण घाबरट नको. धार अशी पाहिजे की कापल्यावर कापलेल्याला उशिरा कळावं. दर शनिवारी तो दगडावर चाकू फिरवायचा आणि मग धार चोपडी करायला त्याला चामडं लागायचं. स्वतः अहिंसेपायी कापडी बूट घालणारा हा माणूस माझ्याकडे हात करून म्हणायचा, "देसाई, वहाण द्या जरा." माझ्या कोल्हापुरी पायताणाच्या तळव्यावर हा जैन गृहस्थ चाकू घासत बसायचा आणि मी एका पायानं अनवाणी पत्रं लिहायचो. कांदा नाही, बटाटा नाही, दिवस मावळला की जेवण नाही, आणि खिशात मात्र बारा महिने हत्यार, असं म्हणून मालक त्याला चिडवायचे. अण्णा चिडायचा नाही. चाकू कापायला असतो, मारायला नसतो, एवढंच म्हणून पुढच्या चहाची वाट बघायचा.

चाकू मागितला तर तो कुणालाही द्यायचा, पण हातात कधी द्यायचा नाही. आपल्याकडे तसं भांडण होतं म्हणतात. तो तुमच्यापुढे चाकू खाली ठेवायचा, जरा मागं सरायचा आणि तुम्ही उचलेपर्यंत दुसरीकडे बघायचा. परत घेतानाही तसंच. माझ्याशी त्याचं बारा वर्षांत एकदाही भांडण झालं नाही, त्याचं श्रेय तो या रिवाजाला द्यायचा. माझ्या सोशिक स्वभावाला द्यायला तो तयार नव्हता.

एकदा कुस्तीच्या मोठ्या मैदानाला आम्ही दोघं गेलो होतो. दारात पोलीस खिसे तपासत होते. हवालदारानं अण्णाचा चाकू काढला आणि तोंडाकडे बघितलं. अण्णानं त्याला चाकूची सगळी जन्मकथा ऐकवली. हवालदाराच्या टेबलावर मोसंबं होतं. परवानगी न मागता अण्णानं त्याच चाकूनं ते सोलून दिलं, साल कुठंही न तुटता एका लांब पट्टीत. हवालदारानं मोसंबं खाल्लं आणि चाकू ठेवूनच घेतला, जाताना न्या म्हणून. त्या दिवशी लाल मातीत काय झालं हे अण्णाला विचारून उपयोग नव्हता. सगळी दुनिया आखाड्याकडे तोंड करून ओरडत होती आणि हा एकटा मान वळवून दाराकडे बघत बसला होता. परत मिळाल्यावर त्यानं चाकू उघडला, वास घेतला आणि म्हणाला, "मोसंब्याचं पानी तसंच ठेवलंय. माणूस न्हवं हा." हवालदारानं पातं पुसलं नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, कारण तेव्हा आम्ही हसतच होतो. अण्णाच्या घरात मात्र हसण्यासारखं फारसं नव्हतं. त्याची बायको पद्मा, शिरोळकडची, बोलायला कमी आणि हसायला पटकन. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि दोनदा दिवस जाऊन हाती काही लागलं नव्हतं. अण्णाची आई, तिला तो अव्वा म्हणायचा, निपाणीकडची आणि अर्धं कानडी बोलणारी. ती सुनेला उघड काही बोलायची नाही, पण घरातल्या प्रत्येक देवाला मोठ्यानं बोलायची. अण्णा रोज संध्याकाळी नमुन्यातला गुळाचा एक खडा खिशात टाकून घरी न्यायचा. चाकूनं त्याचा इतका पातळ पापुद्रा काढायचा की दिव्यापुढे धरला तर उजेड पलीकडे दिसावा, आणि तो पद्माच्या तळहातावर ठेवायचा. मी एकदा त्याच्या घरी हे पाहिलं. दोघंही लाजले. मला तर आपण उगाच आलो असं झालं.

मग तिला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि या वेळी पाचवा महिना ओलांडून सहावा लागला. अण्णा दुकानात शिट्टी वाजवायला लागला. त्याला शिट्टी येत नव्हती.

ऐंशी सालातलं ते मोठं सूर्यग्रहण ज्यांना आठवतं, त्यांना रस्ते कसे ओस पडले होते तेही आठवत असेल. भर दुपारी माणसं दारं-खिडक्या लावून घरात बसली होती. पोटुशी बाई असलेल्या घरात तर विचारायलाच नको. ग्रहणात तिनं काही कापायचं नाही, चिरायचं नाही, तिच्यासाठी कुणी कापायचं नाही, नाहीतर पोरात व्यंग येतं. जैनांच्या शास्त्रात हे काही बसत नाही असं त्यांच्या बस्तीतले, म्हणजे देवळातले, पंडित म्हणे सांगायचे. पण अव्वापुढे पंडितांचं काय चालणार? तिनं विळी, कात्री, अडकित्ता, खुरपं, शिवणाच्या सुयासुद्धा गोळा करून फडक्यात बांधल्या आणि शेजाऱ्याकडे ठेवल्या. मग लेकाकडे चाकू मागितला. चाकू दुकानात राहिलाय, असं अण्णानं सांगितलं. चाकू खिशात होता. यात त्याचा काही हेतू नव्हता. एक दिवस चाकूवाचून राहायचं त्याच्या जिवावर आलं, एवढंच.

पद्माला पहाटेपासून आतल्या खोलीत निजवलं होतं. पोटात अन्न नाही, पाणी नाही. दुपारी उजेड मळकट व्हायला लागला आणि तिला घाम फुटला. डोळ्यांपुढे अंधार येतोय असं ती म्हणाली तेव्हा अण्णा घाबरला. अव्वा बाहेरच्या सोप्यात जप करत होती. अण्णाच्या खिशात नमुन्याचा खडा होता. त्यानं चाकू काढला, एक पापुद्रा काढून तिच्या जिभेवर ठेवला. मग आणखी एक. हळूहळू तिच्या तोंडावर रंग आला. थोड्या वेळानं ऊन परत पडलं, सगळ्यांनी आंघोळी केल्या आणि त्या दोघांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

मला कळली ती बाळ झाल्यावर. मुलगी झाली. वरचा ओठ मधोमध दुभंगून थेट नाकात गेलेला आणि आत टाळूही फाटलेली. अव्वानं एकदा बघितलं आणि सुनेला विचारलं, काय कापलंस? पद्मा म्हणाली, काही नाही. अव्वा रोज विचारायची आणि पद्मा रोज तेच सांगायची. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. अण्णा आईला सगळं सांगून टाकायला निघाला तेव्हा पद्मानंच त्याला शपथ घातली. तुम्ही कापलं आणि मी खाल्लं, आता तिसऱ्याला कशाला, असं ती म्हणाली.

अण्णानं मला दुकानाच्या मागं, रव्यांच्या थप्पीआड नेऊन हे सांगितलं. एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"खडा केवढा हुता देसाई, लिंबाएवढा. दातानं फोडून दिला असता तरी चाललं असतं की. भितीवर आपटला असता तरी फुटला असता. माझा हात खिशात गेला. दुसरं सुचलंच न्हाय."

मी त्याला समजावलं, मग रागावलो, मग हे सगळं थोतांड आहे असं मोठ्यानं म्हणालो. त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन तो पंचगंगेच्या घाटावर गेला. तिथं त्यानं चाकू शेवटचा उघडला नाही, डोळ्यांपुढे धरला नाही, काही नाही. मिटलेलाच लांब फेकला. मला संताप आला होता. त्याचा, त्याच्या आईचा, सूर्याचा आणि चंद्राचासुद्धा. बारा वर्षं ज्याच्या आवाजावरून मी मान वर न करता अण्णा आला हे ओळखायचो, ती वस्तू गाळात गेली होती आणि तिचा काडीचा दोष नव्हता.

पण त्यानंतर थोडे दिवस अण्णा जरा हलका झाला, हेही खरं. त्यानं गूळ सोडला. गूळ बाजारातल्या माणसानं गूळ सोडणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. उपास धरले. शिक्षा भोगली की गुन्हा फिटतो अशी काहीतरी त्याची समजूत होती. रोज सकाळी उठून तो पाळण्यावर वाकायचा आणि रात्रीत ओठ थोडा जुळलाय का ते बघायचा. हे त्यानं मला स्वतः सांगितलं. कालच्यापेक्षा आज भेग बारीक वाटते, असं तो दुकानात येऊन दोन-तीनदा म्हणाला आणि मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पोरीला दूध ओढता येत नव्हतं. ओठ मिटत नाही, टाळू नाही, ओढणार कशानं? कापसाच्या बोळ्यानं पाजलं तर निम्मं नाकातून बाहेर यायचं. ती भुकेनं रडायची आणि रडायलाही तिला जोर नसायचा. नाव चंदना ठेवलं होतं, पण अव्वा तिला नावानं हाक मारत नसे. शेवटी मी हट्टानं त्या तिघांना मिरजेला एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टर वयस्क होते आणि घाईत नव्हते. ओठ शिवता येतो, नंतर टाळूही, पण पोरीचं वजन पाच किलो झाल्याशिवाय भूल देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तिचं वजन त्याच्या निम्मंही नव्हतं. तेवढं वाढवून आणा, मग पुढचं मी बघतो, म्हणाले. नर्सबाईंनी दुधाच्या बाटलीच्या रबरी बुचाला, म्हणजे निपलला, ब्लेडनं बारीक चीर कशी द्यायची ते दाखवलं, म्हणजे पोरीनं ओढलं नाही तरी दूध आपोआप उतरतं. चीर लहान झाली तर दूध येत नाही आणि मोठी झाली तर ठसका लागून फुप्फुसात जातं, असं त्यांनी दोनदा बजावलं. सगळं समजावून झाल्यावर अण्णानं बायकोला बाहेर बसायला सांगितलं आणि डॉक्टरांपुढे हात जोडून ग्रहणाचा सगळा कबुलीजबाब दिला.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग कितवा महिना होता ते विचारलं. सहावा, अण्णा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, पोटात ओठ जुळायचा तो दुसऱ्या महिन्यात जुळतो आणि टाळू तिसऱ्यात. ग्रहणाच्या दिवशी या पोरीचा ओठ असाच होता. तुमच्या चाकूचा याच्याशी काही संबंध नाही.

मला वाटलं अण्णा आता रडेल, डॉक्टरांचे पाय धरेल. तो खुर्चीच्या कडेला तसाच बसून राहिला.

"मग कशानं झालं?" त्यानं विचारलं.

"कशानं नाही. होतं कधीकधी."

"कायतरी केल्याबिगर कसं हुईल?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

परतीच्या गाडीत पद्मा पोरीला छातीशी धरून झोपली होती. डब्यात इचलकरंजीचे चार विणकर पत्ते खेळत होते. अण्णा खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला म्हणालो, आता तरी मनातून काढून टाका, तुमचा दोष नव्हता हे कळलं ना. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोष माझा हुता तवर बरं हुतं देसाई. चाकू टाकला, गूळ सोडला, आनी कायबी सोडलं असतं. आता काय टाकू?"

या प्रश्नावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. डॉक्टर खरं तेच बोलले आणि त्या खऱ्यानं माझ्या बुडत्या मित्राच्या हातातली शेवटची काडी काढून घेतली, असं मला वाटत आलं आहे. मी त्याला मिरजेला नेलं याचा मला पश्चात्ताप नाही. नेलंच पाहिजे होतं. पण त्या दिवशी गाडीतून उतरलेला अण्णा हा चाकू फेकून आलेल्या अण्णापेक्षा जास्त खचलेला होता.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात दुधाची बाटली आणि नवं रबरी बूच घेऊन आला आणि मला विचारलं, "चाकू हाय काय?" ज्या माणसाकडे सगळा बाजार चाकू मागायला यायचा त्यानं हे विचारावं, मला ऐकवेना. माझ्याकडे दाढीचं ब्लेड होतं. ते मी त्याच्यापुढे खाली ठेवलं. त्यानं उचललं नाही. तुम्हीच चीर द्या, म्हणाला. मी दिली. माझा हात पत्रं लिहिणाऱ्याचा, चीर नको तेवढी लांब गेली. दुसरं बूच आणलं, तेही मी बिघडवलं. तेव्हा त्यानं माझ्या हातातून ब्लेड घेतलं. थेट हातातून, खाली न ठेवता. तिसऱ्या बुचाला त्यानं केसाएवढी चीर दिली. बूच पाणी भरलेल्या बाटलीला लावलं, उलटं धरलं आणि थेंब एकामागून एक, धार न लागता पडायला लागले. आम्ही दोघं ते बघत उभे राहिलो.

तिथून पुढं आमच्या दुकानाला एकच काम उरलं होतं. दर सोमवारी सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी पद्मा पोरीला घेऊन यायची. दस्तगीरभाई नमुन्याच्या लहान काट्याचं पारडं ओल्या फडक्यानं पुसायचे, वर घरून आणलेली धुतलेली चादर घालायचे आणि चंदनाला त्यात ठेवायचे. हमाल पाठीवरचे रवे खाली ठेवून भोवती उभे राहायचे. एरवी ज्यांचा आवाज पार स्टेशनपर्यंत जायचा, ते दस्तगीरभाई वजन अगदी हळू सांगायचे. पोर पारड्यात हातपाय हलवायची तेव्हा काटा थरथरायचा आणि तो थांबेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. पहिले काही सोमवार वजन वाढलं. तीन किलोच्या पुढं काटा गेला त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना चहा पाजला. अण्णा म्हणाला, दिवाळीला मिरज. चंदना आता त्याला बघून हसायची. दुभंगलेल्या ओठाचं हसू फार रुंद असतं, सगळा चेहरा हसतो. मला ते सुरुवातीला बघवत नव्हतं आणि मग मी सोमवारची वाट बघायला लागलो.

मग काटा थांबला. एक सोमवार, दुसरा सोमवार. तिसऱ्या सोमवारी थोडा मागं आला. दस्तगीरभाईंनी वजन सांगितलंच नाही, नुसतं पोरीला उचलून पद्माकडे दिलं. तिला कफ झाला होता. दूध छातीत जात होतं. बूच चांगलं होतं, चीर बरोबर होती, पद्मा तिला तासन्तास उभी धरून पाजत होती. कुणी काही कमी केलं नाही. भाद्रपदात, जैनांच्या पर्युषण पर्वाचे उपास चालू असताना, एका दुपारी चंदना गेली. अण्णानं तिला दोन हातांवर घेऊन नेलं. बरोबर आम्ही दुकानातले सगळे होतो. अव्वा दारात उभी होती आणि पहिल्यांदा तिनं नातीला नावानं हाक मारली. मी तेव्हा तिच्यावरही रागावू शकलो नाही.

नंतरचा अण्णा कामावर यायचा, माल बघायचा. रव्याचा कोपरा आता तो मालकांच्या सुरीनं उडवायचा, वेडावाकडा, कुणीही उडवील तसा. व्यापाऱ्यांना फरक कळत नव्हता. माझं पायताण शनिवारी पायातच राहायचं. एकदा दस्तगीरभाईंनी भावाकडून तसाच पातळ, पितळी पट्ट्यांचा चाकू करून आणला आणि न बोलता अण्णाच्या गादीवर ठेवला. अण्णानं तो दिवसभर तिथंच राहू दिला. संध्याकाळी दस्तगीरभाईंनी तो उचलून परत नेला.

दोन-अडीच वर्षांनी पद्माला पुन्हा दिवस गेले. अण्णानं मला हे सांगितलं नाही. मला दस्तगीरभाईंकडून कळलं. त्याच सुमाराला मला सांगलीला दुसरी नोकरी लागली आणि डिसेंबर संपला की जायचं ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला त्याच्या घरी गेलो. त्या दिवशी चंद्रग्रहण होतं, हे मला वाटेत रस्ते मोकळे दिसले तेव्हा लक्षात आलं. चंद्र उगवला तोच ग्रासलेला होता.

अण्णा घराच्या पायरीवर बसला होता. सकाळी वेध लागले तेव्हापासून तो तिथंच होता, असं शेजारच्यांनी मला खुणेनंच सांगितलं. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून ठेवले होते, लहान मुलाला शिक्षा म्हणून बसवतात तसे. दार पुढं ओढलेलं. मी पुढं झालो तर त्यानं मला थांबवलं आणि खिशात काय आहे ते विचारलं. पेन होतं आणि किल्ली होती. दोन्ही त्यानं मला लांब कट्ट्यावर ठेवायला लावली. तो स्वतः काडी मोडत नव्हता, कागद फाडत नव्हता, नखानं पायरीवरची वाळलेली माती खरवडत नव्हता. डास बसला तरी हात काढत नव्हता. आईनं यातलं काही सांगितलेलं नव्हतं. अव्वा आत जप करत होती. या खेपेला सगळी हत्यारं अण्णानं स्वतः गोळा करून दिली होती.

मला राहवेना. मी त्याच्याजवळ वाकून हळूच म्हणालो, अण्णा, मिरजेचे डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय ना?

"आठवतंय की," तो म्हणाला. "खरंच बोलला त्यो. दुसऱ्या म्हयन्यात जुळतोय. हिला आता सातवा हाय. जुळला आसंल न्हायतर न्हाय, आजच्यानं कायबी हुईत न्हाय. मला समदं ठावं हाय."

"मग हे कशासाठी?"

त्याच्या तोंडावर राग नव्हता. उपासानं आणि थंडीनं ओठ सुकले होते.

"मी कायतरी केलं पायजे की देसाई," तो म्हणाला. "आनी करण्यासारखं दुसरं काय बी न्हाय."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. निरोपाचं काही बोलणं झालं नाही. गल्लीच्या टोकाला दान मागणाऱ्यांची हाळी सुरू झाली आणि मग आयाबाया घागरी घेऊन बाहेर पडल्या, दारांतून सडे पडले, कुणीतरी चूल पेटवल्याचा वास आला. समोरच्या कौलांवर चंद्र आला होता, पुरा, स्वच्छ, कुठं डाग नाही. मी वर बघितलं. अण्णानंही बघितलं. त्याचे हात मांड्यांखालीच होते.

आतून पद्माचा आवाज आला. "सुटलं काय वो?"

अण्णानं पुन्हा एकदा चंद्राकडे बघितलं.

"अजून न्हाय," तो म्हणाला. "पडून ऱ्हा."